यंत्राच्या हातची तपासणी

परीक्षेचा निकाल हा आपल्याकडे एकट्या विद्यार्थ्याचा कधीच नसतो; तो साऱ्या घराचा असतो. गुणपत्रक हाती आले की आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांच्या नजरा त्यावर खिळतात, आणि गुण मनाजोगे नसले तर पहिला प्रश्न निघतो तो परीक्षकाविषयी. पेपर कोणी तपासला असेल? नीट वाचला असेल ना? या प्रश्नांमागे एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती ही की, उत्तरपत्रिका कोणातरी माणसाने वाचली आहे. त्याच्या हातून जशी चूक होऊ शकते, तशीच त्याला अर्धवट उत्तरातली धडपडही दिसू शकते.

निदान एका विषयापुरते तरी हे गृहीत आता धरता येत नाही. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहावयास शिकणाऱ्या लक्षावधी मुलामुलींचे स्वाध्याय आज यंत्र तपासते. रात्री अकरा वाजता विद्यार्थ्याने आपला प्रोग्रॅम पाठवावा आणि पुढच्या काही क्षणांत गुण पडद्यावर उमटावेत, हा अनेक घरांतला नित्याचा अनुभव आहे. त्याबरोबर एक तक्रारही कानी येते: “माझा प्रोग्रॅम बरोबर आहे, तरी ते शून्यच देते.” आईवडिलांची अशा वेळी मोठी पंचाईत होते. विश्वास मुलावर ठेवावा की यंत्रावर? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर हा नवा परीक्षक काम कसे करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

नवा नव्हे, साठीपलीकडचा

खरे म्हणजे त्याला नवा म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या संस्थेतले जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी १९६० साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आय.बी.एम. ६५० या संगणकावर त्यांचे विद्यार्थी प्रोग्रॅम लिहावयास शिकत असत. प्रोग्रॅम लिहावयाचा तो छिद्रे पाडलेल्या कार्डांवर. विद्यार्थ्यांची ही कार्डे तपासण्यासाठी त्यांनी तपासनिसाचे काम करणारी एक आज्ञावलीच तयार केली होती. त्या काळी शिक्षकाच्या वेळेपेक्षाही संगणकाचा वेळ महाग होता. तपासनीस आज्ञावलीमुळे तो वाचला आणि अधिक विद्यार्थ्यांना शिकविता येऊ लागले. एक धोकाही तेव्हाच ध्यानात आला होता. विद्यार्थ्याची आज्ञावली आणि तपासणारी आज्ञावली एकाच यंत्राच्या स्मृतीत वावरत असल्यामुळे, परीक्षार्थीच परीक्षकात फेरफार करण्याची शक्यता होती!

पुढे १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉर्ज फॉरसाइथ आणि निक्लाउस विर्थ यांनी याच विषयावर लिहिले. संख्यात्मक गणिताच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या आज्ञावलींना तपासनीस आज्ञावली निरनिराळी उदाहरणे घालीत असे आणि उत्तरे पडताळून पाहात असे. हे विर्थ म्हणजे पुढे १९७० साली ‘पास्कल’ ही संगणकभाषा जगापुढे ठेवणारे गृहस्थ. स्पेनमधील वायादोलिद विद्यापीठाने १९९५ साली असाच एक तपासनीस उभारला आणि १९९७ मध्ये तो इंटरनेटवरून सर्वांना खुला केला. तेव्हापासून विद्यार्थी एका खंडात आणि परीक्षक दुसऱ्या खंडात, ही गोष्ट अंगवळणी पडत गेली. २०११ साली स्टॅनफर्डने काही अभ्यासक्रम सर्वांसाठी विनामूल्य खुले केले तेव्हा एकेका अभ्यासक्रमाला लाखाच्या घरात नावनोंदणी झाली. इतक्या वह्या तपासण्यास माणसे कोठून आणावयाची? यंत्रपरीक्षकावाचून तो प्रयोग झालाच नसता.

तो वाचीत नाही, चालवून पाहतो

शाळेतील परीक्षक उत्तर वाचतो. यंत्रपरीक्षक बहुधा वाचीत नाही. तो प्रोग्रॅम चालवून पाहतो. शिवणयंत्र विकत घेणारा गृहस्थ ज्याप्रमाणे त्याचे सुटे भाग मोजीत न बसता चार कापडे घालून टाका कसा पडतो ते पाहतो, तसाच हा प्रकार. प्रोग्रॅम भाषेच्या व्याकरणाला धरून आहे की नाही, हे प्रथम पाहिले जाते. व्याकरणच चुकले असेल तर गाडी तेथेच थांबते. ते जमले असेल तर प्रोग्रॅम एका बंदिस्त कप्प्यात चालविला जातो, जेणेकरून त्याला बाहेरच्या फायली पुसता येऊ नयेत किंवा परीक्षकाच्या कामात ढवळाढवळ करता येऊ नये. हॉलिंग्सवर्थ यांच्या काळातील धोक्यावर काढलेला हा तोडगा आहे. त्यानंतर अध्यापकांनी आधी ठरवून ठेवलेल्या चाचण्या एकामागून एक दिल्या जातात आणि प्रत्येक वेळी आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहिले जाते.

प्रोग्रॅमला वेळेची मर्यादाही घातलेली असते. ब्रिटिश गणिती अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली केलेल्या कामातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते: कोणतीही आज्ञावली कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालतच राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. मग परीक्षकाने वाट तरी किती पाहावी? म्हणून तो घड्याळ लावतो. मर्यादेचा दुसरा उपयोग असा की, चांगली रीत आणि ओबडधोबड रीत यांतील भेद तीमुळे उघड होतो. एकपासून शंभर कोटीपर्यंतच्या संख्यांची बेरीज करावयाची आहे असे समजा. पायथॉन भाषेत एकेक संख्या मिळवीत बसलेला प्रोग्रॅम मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ घेईल. शेवटच्या संख्येला तिच्या पुढच्या संख्येने गुणून निम्मे करावे, हे शाळेतले सूत्र ज्याला आठवले त्याचे उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार! दोन्ही उत्तरे बरोबर असूनही एकाला गुण मिळतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत. यात अन्याय नाही. तोच त्या दिवशीचा पाठ असतो.

लीप वर्षाचे उदाहरण

आता अन्याय कोठे होऊ शकतो ते पाहू. त्यासाठी प्रत्येकाच्या परिचयाचे एक उदाहरण घेतो. दिलेले वर्ष लीप वर्ष आहे की नाही, ते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे सांगणारा प्रोग्रॅम लिहावयाचा आहे. चारने भाग जाणारे वर्ष ते लीप वर्ष, एवढा नियम बहुतेकांना पाठ असतो. परंतु १५८२ पासून लागू झालेल्या ग्रेगोरियन कालगणनेचा नियम याहून थोडा पुढे जातो. शंभरने भाग जाणारी वर्षे लीप वर्षे नव्हेत. मात्र त्यांतील चारशेने भाग जाणारी पुन्हा लीप वर्षेच होत. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल.

समजा, अध्यापकांनी चाचणीसाठी २०२३, २०२४, १९०० आणि २१०० ही चार वर्षे निवडली आणि प्रत्येकीला २५ गुण ठेवले. पहिल्या विद्यार्थ्याने केवळ चारने भाग जाण्याचा नियम लिहिला. त्याची दोन उत्तरे बरोबर आली आणि दोन चुकली, गुण ५०. दुसऱ्याने काहीच विचार न करता, कोणतेही वर्ष दिले तरी ‘नाही’ असेच छापणारा एका ओळीचा प्रोग्रॅम पाठविला. चारांपैकी तीन वर्षे लीप नसल्यामुळे त्याला मिळाले ७५. तिसऱ्या मुलीने संपूर्ण नियम अचूक लिहिला. मात्र ‘होय’ आणि ‘नाही’ यांऐवजी ‘लीप वर्ष आहे’ आणि ‘लीप वर्ष नाही’ असे सुबक शब्द छापले. यंत्राने अक्षराशी अक्षर ताडून पाहिले. तिचे गुण शून्य!

जिला सारे समजले ती तळाशी आणि ज्याने काहीच केले नाही तो सर्वांच्या वर, असा हा निकाल लागला. तरीही यंत्राने कोठेच लबाडी केलेली नाही. सांगितले तेवढेच त्याने केले. आता चाचणीची वर्षे बदलून २०००, २०२४, २०२३ आणि १९०० अशी ठेवा. सदा ‘नाही’ म्हणणाऱ्याला ५० गुण पडतील आणि चारचा नियम लिहिणाऱ्याला ७५. प्रोग्रॅम तेच, विद्यार्थी तेच. चाचण्या बदलल्या आणि क्रम उलटला. ‘होय’ उत्तराची सर्व वर्षे आणि ‘नाही’ उत्तराची सर्व वर्षे बरोबर आल्यावाचून गुण नाहीत, अशी अट घातली तर आंधळ्या उत्तराला काहीच मिळणार नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गुण देते यंत्र, पण परीक्षक असतो तो चाचण्या निवडणारा अध्यापकच. त्याची निवड चांगली तर यंत्र चांगले.

चाचण्या उत्तम असल्या तरी एक मर्यादा राहतेच. चाचण्यांमुळे चूक सापडू शकते. चूक मुळीच नाही अशी ग्वाही त्यांतून मिळत नाही, असा इशारा डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइकस्ट्रा यांनी १९६९ मध्येच देऊन ठेवला होता. म्हणून यंत्राने दिलेल्या शंभर गुणांचा अर्थ ‘या चाचण्यांत चूक आढळली नाही’ एवढाच घ्यावयाचा.

तिसऱ्या मुलीचे काय?

त्या तिसऱ्या मुलीकडे पुन्हा वळू. भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला तिची व्यथा चटकन समजते. एकाच वाक्याची चार भाषांतरे बरोबर असू शकतात. एखाद्याने त्यांतले एकच प्रमाण मानून उरलेल्या तिन्हींवर काट मारली, तर त्याला आपण परीक्षक म्हणणार नाही. परंतु नाण्याला दुसरीही बाजू आहे. संगणकाच्या जगात एका प्रोग्रॅमचे उत्तर पुष्कळदा दुसरा प्रोग्रॅम वाचीत असतो, आणि तेथे ठरलेला नमुना मोडून चालत नाही. एखाद्या अर्जात जन्मतारखेच्या चौकटीत कोणी ‘श्रावणातला जन्म’ असे लिहिले, तर ते खरे असूनही निरुपयोगी ठरते. ठरलेल्या नमुन्यात उत्तर देणे हीसुद्धा शिकावयाची गोष्ट आहे. मात्र पहिल्याच आठवड्यात, केवळ एका रिकाम्या जागेपायी शून्य गुण देऊन ती शिकविणे हे शिक्षण नव्हे. जाणते अध्यापक म्हणूनच जादा मोकळी जागा किंवा लहानमोठी रोमन अक्षरे यांकडे दुर्लक्ष करावयास यंत्राला आधीच सांगून ठेवतात आणि उत्तराचा नमुना प्रश्नातच छापतात.

आपल्या देशात

या प्रश्नाचे महत्त्व आपल्या देशात विशेष आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ साली आय.बी.एम. १६२० हा संगणक आला, तेव्हा त्यावर हात बसविण्याची संधी मूठभरांना होती. आज आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘एन.पी.टी.ई.एल.’ या उपक्रमातून देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम घरबसल्या घेऊ शकतो. दर आठवड्याचा स्वाध्याय यंत्र तपासते. काही चाचण्या विद्यार्थ्याला आधी दाखविल्या जातात, काही झाकून ठेवल्या जातात. सगळ्याच दाखविल्या, तर नियम न लिहिता नेमकी तेवढीच उत्तरे पाठ करून ठेवलेला प्रोग्रॅमही उत्तीर्ण होईल, हे उघड आहे.

कानपूरच्याच आय.आय.टी.त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रूटर’ नावाची व्यवस्था तयार झाली. ती अंतिम उत्तराबरोबर विद्यार्थ्याने लिहिता लिहिता केलेल्या मधल्या पायऱ्याही जपून ठेवते, त्यामुळे विद्यार्थी कोठे अडखळला हे अध्यापकांना कळू शकते. मुंबईच्या आय.आय.टी.त ‘एक्सडेटा’ नावाची व्यवस्था विकसित झाली आहे. साठविलेल्या माहितीतून हवी ती माहिती काढण्यासाठी जी प्रश्नभाषा वापरतात, तिच्यातील उत्तरे ती तपासते. विद्यार्थी सहसा कोणत्या चुका करतात ते हेरून, त्या चुका नेमक्या उघड्या पडतील अशा चाचण्या ती स्वतःच तयार करते. म्हणजे लीप वर्षाच्या उदाहरणात १९०० आणि २००० ही वर्षे शोधून काढण्याचे जे काम, तेच यंत्रावर सोपविण्याचा हा प्रयत्न आहे.

लहान गावातील मुलीला या साऱ्याचा लाभ फार मोठा आहे. तिच्या महाविद्यालयात एका अध्यापकामागे कितीही विद्यार्थी असोत, तिला आपल्या चुकीची वार्ता त्याच क्षणी मिळते; तिचे आडनाव, तिचे गाव किंवा तिचे इंग्रजी उच्चार यंत्र पाहात नाही. परंतु यंत्राचा शेरा बहुधा इंग्रजीत असतो आणि तोही त्रोटक. मातृभाषेतून शिकून आलेल्या मुलाला ‘रनटाइम एरर’ या दोन शब्दांतून आपले काय चुकले हे कसे कळावे? येथे माणसाची गरज संपत नाही, उलट वाढते.

अंदाजपंचे आणि नक्कल

दोन दोषांचा उल्लेख करणे प्राप्त आहे. कितीही वेळा उत्तर पाठविण्याची मुभा असली की काही विद्यार्थी विचार करणेच सोडून देतात. येथे एक वाढव, तेथे एक कमी कर, पुन्हा पाठव. कधीतरी हिरवी खूण येतेच. कुलपाला जुडग्यातील किल्ल्या एकेक करून लावून पाहावी, तसा हा प्रकार. दार उघडते, पण कोणती किल्ली का लागली हे कळत नाही. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी दिवसाला ठरावीक वेळाच उत्तर पाठविता येते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे तयार झालेल्या ‘वेब-कॅट’ या व्यवस्थेत विद्यार्थ्याने प्रोग्रॅमबरोबर आपल्या चाचण्याही स्वतःच लिहावयाच्या असतात आणि त्यांनाही गुण असतात. ज्याला आपल्या प्रोग्रॅमसाठी १९०० हे वर्ष सुचले, त्याला नियम समजला असे खुशाल म्हणावे.

दुसरा दोष नकलेचा. अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ साली तयार केलेली ‘मॉस’ ही व्यवस्था हजारो प्रोग्रॅम एकमेकांशी ताडून साम्य दाखविते. नुसती नावे बदलून तिला फसविता येत नाही. परंतु साम्य म्हणजे गुन्हा नव्हे. लहान प्रश्नाची उत्तरे सारखी येणे स्वाभाविक असते, म्हणून शेवटचा निर्णय माणसानेच करावयाचा असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅट-जी.पी.टी.’ लोकांपुढे आल्यापासून तर प्रश्न सांगताच संपूर्ण प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे घरोघर पोहोचली आहेत. म्हणजे लिहिणारे यंत्र, तपासणारेही यंत्र आणि मधला विद्यार्थी केवळ टपालवाला, अशी अवस्था होऊ शकते. प्रोग्रॅम चालतो की नाही एवढेच पाहणाऱ्या परीक्षकाला तो कोणी लिहिला हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच एन.पी.टी.ई.एल.च्या बहुतेक अभ्यासक्रमांत घरच्या स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन देखरेखीखाली द्यावयाच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असते, ही व्यवस्था शहाणपणाची म्हटली पाहिजे.

घराने काय करावे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. मूल म्हणते, प्रोग्रॅम बरोबर आहे. यंत्र म्हणते, शून्य. अशा वेळी मुलाला खोटे ठरवू नये आणि यंत्रालाही शिव्या देऊ नयेत. यंत्राने नेमका कोणता शेरा दिला, ते आधी मुलाला वाचावयास सांगावे. व्याकरण चुकले, वेळ संपला, उत्तर जुळले नाही, या तिन्ही निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे. उत्तर जुळले नसेल तर प्रश्नातील नमुना आणि आपले उत्तर शेजारी शेजारी ठेवून अक्षरशः ताडून पाहावे. इतके करूनही आपले बरोबर आहे अशी खात्री असेल, तर आपला प्रोग्रॅम, दिलेली चाचणी आणि आलेले उत्तर असे तिन्ही लिहून अध्यापकांकडे नम्रपणे दाद मागावी. चाचण्या माणसानेच लिहिलेल्या असतात आणि त्या चुकीच्या असू शकतात. अध्यापकांनीही अशी दाद मागण्यास जागा ठेविली पाहिजे. जेथे ती नाही तेथे यंत्राचा निकाल हा निकाल नसून केवळ हुकूम ठरतो.

आईवडिलांना प्रोग्रॅमिंग येत नसले तरी या कामी अडत नाही. आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून आपला प्रोग्रॅम मराठीत समजावून सांगावयास सांगा. ओळीमागून ओळ, कशासाठी काय केले ते. ज्याने तो स्वतः लिहिला आहे त्याला हे सांगता येईल, आणि सांगता सांगता कित्येकदा त्याची चूक त्यालाच सापडेल. ज्याने तो कोठून तरी उचलला आहे तो तिसऱ्या ओळीपाशी अडखळेल, आणि तेथून खरा अभ्यास सुरू करता येईल. शंभर गुण पडले असले तरी हे करावे. कारण त्या शंभरांत काय काय तपासले गेले नाही हे यंत्र सांगत नाही. आणि बोलणे संपता संपता एक प्रश्न अवश्य विचारावा: “तुझा हा प्रोग्रॅम कोणते वर्ष दिले तर चुकेल?” उत्तरादाखल मूल क्षणभर थांबून विचारात पडले, तर त्या संध्याकाळचा अभ्यास सत्कारणी लागला असे समजण्यास हरकत नाही.